पासचा फोटो

नवरात्राआधीचे पंधरा दिवस
दांडिया बाजारातल्या आमच्या स्टुडिओत
पाय ठेवायला जागा नसते.
गरब्याच्या पासाला फोटो लागतो.
बाहेर किरीटभाई फ्लॅश मारतात,
आत पडद्यामागे मी
चेहरे धुते.

एकोणीस वर्षं झाली.
मुरूम, वांग, टाक्यांचे व्रण,
हेल्मेटने कपाळावर ओढलेली रेघ,
रात्रभर रडलेले डोळेसुद्धा.
रीत सोपी आहे:
शेजारच्या धड कातडीतून चिमूटभर उसनी घ्यायची,
डागावर ठेवायची, कडा पुसायच्या.
गिऱ्हाईक बघतं, खूश होतं,
"वाह, आ तो हुं ज!"
मी कधी म्हटलं नाही
की नाही हो, हे तुम्ही नव्हे.

माझं नाव उज्ज्वला.
बारशाला कुणाला काय माहीत
मी ते इतकं मनावर घेईन.
अकराव्या वर्षी भुवईवर पहिला ठिपका आला,
चुन्याचं बोट लागल्यासारखा.
आई पदराने पुसत राहिली.
मग बावचीचा लेप, गच्चीवरचं सकाळचं ऊन,
भाजलेली साल,
आणि दूध-मासे एकत्र खायचे नाहीत हे पथ्य,
आमच्याकडे मासे शिजतच नव्हते तरी.
चौदाव्या वर्षी डावा गाल गेला.
घरात असंच म्हणायचे, "गेला."
मी रात्री हात लावून पाहायची.
तिथेच असायचा.

भावाच्या लग्नाच्या अल्बममध्ये
मी कायम उजवीकडून,
किंवा कुणाच्या तरी खांद्यामागे.

यंदा शाल्मली म्हणाली,
"आत्या, किती वर्षं नुसता लांबून ढोल ऐकणार?
तुझा पास मी काढते. फोटो पाठव."

दुकान वाढवल्यावर स्टुलावर बसले.
किरीटभाई भले माणूस,
सवयीने म्हणाले, "माथुं जरा डाबे?"
"सीधुं ज राखो," मी म्हटलं.
त्यांनी एकदा कॅमेऱ्यावरून पाहिलं
आणि काही न बोलता बटण दाबलं.

मग पडद्यामागे मी आणि ती.
हात आपसूक चालला.
उजव्या गालातून घेतलं, डावीकडे ठेवलं,
भुवई काळी केली.
दहा मिनिटांत एक बाई तयार झाली
जिला स्थळं सांगून आली असती.
छान होती.
मी तिला ओळखेना, ती मला.

मग काय सुचलं कोण जाणे,
उलटं करून पाहिलं.
पांढऱ्यातून घेतलं, सावळ्यावर ठेवलं.
साय धरावी तसं पसरत गेलं.
हनुवटीशी एवढासा सावळा तुकडा उरला
आणि बघता बघता
तोच डाग दिसायला लागला.

मी हसले. एकटीच, रात्री साडेदहाला.
म्हणजे ब्रश कुठून उचलला
एवढ्यावरच सगळं होतं तर.
आणि मी तीस वर्षं
लांब बाह्यांचे ब्लाउज शिवून घेत होते.

दोन्ही बायका पुसून टाकल्या.
मूळचा फोटो उघडला.
नाकाच्या शेंड्यावर एक पुटकुळी होती, ती तेवढी काढली.
इतकी काही मी संत नाही.
पाठवला.
धैर्यबिर्य काही वाटलं नाही.
खोटं कशाला बोलू, बोट थरथरलं,
मग कडकडून भूक लागली.

मैदानाच्या फाटकावर ही रांग.
माझ्या दंडांना वारा लागत होता
आणि त्यांना ते नवीन होतं.
गळ्यात पट्टी अडकवलेला एक मुलगा,
तोंडात फाफडा,
त्याने पास घेतला, टॉर्च मारला,
पासाकडे पाहिलं, माझ्याकडे,
पुन्हा पासाकडे.
मी श्वास धरून.

"हा, तमे ज छो," तो म्हणाला,
"आगळ चालो, बेन."

मी तिथेच उभी राहिले जराशी.
मागची रांग ओरडायला लागली.